वनप्रदेशातील कार्यालये आणि संगणक-जाळ्याची शिस्त

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला वसलेले चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे सागवानासाठी आणि घनदाट अरण्यांसाठी प्रसिद्ध आहेत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला आणि जिल्ह्याचे मुख्यालय तेथील जनतेच्या काहीसे जवळ आले. तथापि १४,४१२ चौरस किलोमीटर विस्ताराच्या या जिल्ह्यात अंतराचा प्रश्न राहिलाच. गडचिरोलीहून सिरोंचा सुमारे २०० किलोमीटर दूर आहे. भामरागडची वाट तर पर्लकोटा नदीच्या पुराने पावसाळ्यात अनेकदा बंद पडत आली आहे.

सातबाराचा उतारा, जातीचा दाखला, उत्पन्नाचे प्रमाणपत्र, शिष्यवृत्तीचा अर्ज ही सर्व कामे आता संगणकावरून होतात. रानवाटेने चालत येऊन, पुढे एसटीने तालुक्याचे ठिकाण गाठणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा शेतकऱ्याला "आज नेट नाही, उद्या या" असे उत्तर मिळाले, तर त्याची एक दिवसाची मजुरी आणि प्रवासखर्च दोन्ही वाया जातात. प्रवेशाची मुदत त्याच दिवशी संपत असेल, तर एखादे शैक्षणिक वर्षही हातचे जाते. अशा वेळी दोष बाहेरून येणाऱ्या तारेचा असेल असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात पुष्कळदा बाहेरची तार शाबूत असते आणि बिघाड कार्यालयाच्या चार भिंतींच्या आतच असतो. तो ओळखणे व दूर करणे हे स्थानिक कर्मचाऱ्यांच्या आवाक्यातील काम आहे. त्यासाठी जाळ्याची रचना समजून घेणे मात्र आवश्यक आहे.

दारापर्यंत आलेली तार

ग्रामपंचायती प्रकाशतंतूंनी, म्हणजे ऑप्टिकल फायबरने, जोडण्याची राष्ट्रीय योजना २०११ मध्ये मंजूर झाली. तीच पुढे 'भारतनेट' या नावाने ओळखली जाऊ लागली. महाराष्ट्रात तिच्या दुसऱ्या टप्प्याचे काम 'महानेट' या नावाने राज्य शासनाच्या पुढाकाराने हाती घेण्यात आले. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेट कार्यक्रमास मान्यता दिली. त्यात सरळ रेषेतील जोडणीऐवजी वर्तुळाकार जोडणीवर भर आहे. रेषेत एका ठिकाणी तार तुटली की पुढची सर्व गावे अंधारात जातात. वर्तुळात मात्र संदेश उलट दिशेने फिरून पोहोचू शकतो.

ही तार कार्यालयाच्या दारापर्यंत येते. दारापासून प्रत्येक टेबलापर्यंतची वाटणी ज्या पेटीतून होते, तिला 'स्विच' म्हणतात.

स्विचचे कार्य

स्विचला ८, २४ किंवा ४८ छिद्रे, म्हणजे पोर्ट, असतात. प्रत्येक पोर्टला एक संगणक, छपाईयंत्र, कॅमेरा किंवा दुसरा स्विच जोडता येतो. जाळ्यावरील प्रत्येक यंत्राला ४८ बिटांचा एक हार्डवेअर पत्ता असतो. कोणता पत्ता कोणत्या पोर्टवर आहे हे स्विच स्वतः पाहून शिकतो व आपल्या कोष्टकात नोंदवतो. एका यंत्राचा संदेश मग नेमक्या पोर्टवरच पाठवला जातो. काही संदेश मात्र "सर्वांसाठी" असतात आणि ते सर्व पोर्टवर जातात.

साध्या स्विचला एवढेच येते. 'मॅनेज्ड' प्रकारच्या स्विचला याखेरीज सूचना देता येतात, त्याची स्थिती विचारता येते आणि त्याने ठेवलेली घटनांची नोंद वाचता येते. त्याचा सर्वांत उपयुक्त गुण म्हणजे एकाच पेटीतून अनेक स्वतंत्र जाळी निर्माण करता येतात. अशा प्रत्येक आभासी स्थानिक जाळ्याला 'व्हीलॅन' म्हणतात.

लाकडाच्या थप्पीचे उदाहरण

या प्रदेशातील वाचकास ही कल्पना लाकूड आगाराच्या उदाहरणाने सहज उमजेल. निरनिराळ्या कूपांतील ओंडके एकाच रस्त्याने, कधी एकाच ट्रकमधून आगारात येतात. तरीही त्यांची सरमिसळ होत नाही, कारण प्रत्येक ओंडक्यावर खूण असते आणि ती पाहून तो योग्य थप्पीत लावला जातो.

व्हीलॅनची पद्धत हीच आहे. दोन स्विच जोडणाऱ्या एकाच केबलवरून अनेक जाळ्यांचे संदेश जातात. अशा सामाईक वाटेला 'ट्रंक' म्हणतात. ट्रंकवर जाताना प्रत्येक संदेशाला त्याच्या व्हीलॅनचा क्रमांक असलेली ४ बाइटची खूण जोडली जाते. पलीकडचा स्विच ती खूण वाचतो आणि संगणकाच्या पोर्टवर देताना काढून टाकतो. संगणकाच्या या पोर्टला 'ॲक्सेस' पोर्ट म्हणतात. या खुणेचे '८०२.१क्यू' हे आंतरराष्ट्रीय मानक १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात क्रमांकासाठी १२ बिट राखलेले असल्यामुळे ४,०९६ क्रमांक होतात. पहिला व शेवटचा राखीव असल्याने ४,०९४ वापरता येतात.

आखणी कशी करावी?

उदाहरणादाखल तालुक्याच्या ठिकाणचे एक कार्यालय घेऊ. तेथे महसुली कामाचे संगणक व्हीलॅन १० मध्ये, नागरिक सेवा केंद्राचे २० मध्ये, कॅमेरे ३० मध्ये, अभ्यागतांचे वाय-फाय ४० मध्ये आणि स्विचच्या व्यवस्थापनाचा पत्ता ९९ मध्ये ठेवता येईल. या वाटणीचे लाभ दोन. अभ्यागताच्या मोबाइलमधील विषाणू अभिलेखांच्या संगणकापर्यंत थेट पोहोचत नाही, आणि एका विभागातील "सर्वांसाठी" असलेल्या संदेशांचा गोंगाट दुसऱ्या विभागास त्रास देत नाही. एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात जायचे असल्यास संदेश राउटरमधून जावा लागतो. कोणी कोठे जावे याचे नियम तेथे घालता येतात.

प्रत्यक्ष मांडणीचा क्रम असा ठेवावा. प्रथम व्हीलॅन निर्माण करून त्यांना अर्थपूर्ण नावे द्यावीत. मग प्रत्येक पोर्ट कोणत्या व्हीलॅनचा ते ठरवावे. दोन स्विचमधील पोर्ट ट्रंक करून त्यावर आवश्यक तेवढेच क्रमांक मोकळे ठेवावेत. कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द बदलावा. वापरात नसलेले पोर्ट बंद करावेत. शेवटी ही मांडणी स्थायी स्मृतीत जतन करावी.

नेहमीचे पाच बिघाड

पहिला बिघाड वेटोळ्याचा. भिंतीला रंग देताना किंवा साफसफाईत एखादी केबल लोंबकळताना दिसते आणि कोणीतरी सद्हेतूने तिचे मोकळे टोक दुसऱ्या छिद्रात खोचून ठेवतो. दोन्ही टोके एकाच जाळ्यात गेल्याने "सर्वांसाठी" असलेले संदेश गोल फिरत राहतात, क्षणाक्षणाला वाढतात आणि काही सेकंदांत संपूर्ण कार्यालय ठप्प होते. सर्व पोर्टचे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकणे ही याची खूण होय. यावरील उपाय रेडिया पर्लमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञ महिलेने १९८५ मध्ये शोधला. 'स्पॅनिंग ट्री' या तिच्या पद्धतीत स्विच परस्परांत विचारविनिमय करून जादा वाट आपण होऊन बंद ठेवतात व मुख्य वाट तुटल्यास ती उघडतात. जुन्या पद्धतीत वाट उघडण्यास ३० सेकंद किंवा अधिक लागत. २००१ मध्ये आलेल्या जलद पद्धतीत हा काळ फारच कमी झाला. ही सोय सुरू आहे याची खात्री करून घ्यावी. वेटोळे झालेच, तर केबली एकेक करून काढाव्यात. जी काढताच दिवे शांत होतील, ती दोषी.

दुसरा बिघाड चुकीच्या व्हीलॅनचा. टेबलाची जागा बदलली, केबल दुसऱ्या छिद्रात गेली. दिवा हिरवा लागतो, पण काम होत नाही. दिवा फक्त तार जोडली आहे एवढेच सांगतो. ती योग्य जाळ्यात आहे की नाही, हे सांगत नाही. संगणकाने १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होणारा पत्ता घेतला असेल, तर पत्ते वाटणाऱ्या यंत्रणेपर्यंत तो पोहोचलेला नाही असे समजावे.

तिसरा बिघाड ट्रंकचा. एका खोलीतील महसुली संगणक चालतात, पण त्याच खोलीतील कॅमेरे सर्व बंद, असे दिसल्यास ट्रंकवर त्या व्हीलॅनचा क्रमांक मोकळा आहे का ते पाहावे. काही बनावटींच्या स्विचवर नवा क्रमांक वाढवताना 'ॲड' हा शब्द गाळला, तर भर पडण्याऐवजी जुनी यादीच पुसली जाते आणि चालू असलेले विभागही बंद पडतात.

चौथा बिघाड विजेमुळे उघड होणारा. स्विचवर केलेले बदल तत्काळ लागू होतात; पण अनेक बनावटींत ते जतन केले नाहीत तर फक्त तात्पुरत्या स्मृतीत राहतात. महिनोन्‌महिने सर्व सुरळीत चालते. मग वादळात वीज जाते, ती परत आल्यावर स्विच जुन्याच मांडणीने सुरू होतो आणि "काहीही न करता बिघडले" असे वाटते. वस्तुतः चूक महिन्यांपूर्वीची असते.

पाचवा बिघाड घरून आणलेल्या उपकरणाचा. वाय-फाय मिळावे म्हणून कोणी छोटा राउटर जाळ्यास जोडतो. तो स्वतःच पत्ते वाटू लागतो आणि काही संगणक भलत्याच वाटेला लागतात. फक्त अधिकृत पोर्टवरूनच पत्ते वाटू देण्याची सोय मॅनेज्ड स्विचमध्ये असते. ती वापरावी.

याशिवाय या भागातील हवामानाची काळजी घ्यावी लागते. चंद्रपूरचा उन्हाळा कडक. बंद कपाटात कोंडलेला स्विच तापून बंद पडू शकतो. पावसाळ्याच्या तोंडी विजांचा कडकडाट होतो, तेव्हा दोन इमारतींमधील तांब्याच्या केबलीतून विद्युत आघात येऊन पोर्ट जळतात. अशा ठिकाणी प्रकाशतंतू वापरावा. काच वीज वाहत नाही. तांब्याच्या केबलीची मर्यादा तशीही १०० मीटरचीच आहे.

शोधाचा क्रम

बिघाड शोधताना प्रथम त्याची व्याप्ती पाहावी. एकच संगणक बंद असेल तर केबल व पोर्ट तपासावेत. एकच विभाग बंद असेल तर व्हीलॅन व ट्रंक पाहावेत. सर्वच बंद असेल तर विद्युतपुरवठा, वेटोळे किंवा बाहेरची तार यांचा विचार करावा. मग खालून वर जावे: वीज, दिवा, केबल, पोर्ट, व्हीलॅन, ट्रंक, पत्ता, राउटर आणि सर्वांत शेवटी बाहेरची तार. राउटरपर्यंत संदेश पोहोचत असेल आणि त्यापुढे जात नसेल, तेव्हाच दोष बाहेरचा म्हणता येतो. एका वेळी एकच बदल करावा, आणि उपयोग झाला नाही तर तो मागे घ्यावा. काल चालत होते, तर कालपासून काय बदलले, हा प्रश्न कोणत्याही उपकरणापेक्षा अधिक उपयोगी ठरतो.

दूरवरून दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञाने आणखी एक दक्षता घ्यावी. नागपुरात बसून सिरोंचाच्या स्विचची ट्रंक बदलताना चूक झाली, तर ज्या वाटेने तो आत गेला तीच बंद होते आणि चूक सुधारण्यासाठी कोणाला तरी तेथवर प्रवास करावा लागतो. यासाठी बदलापूर्वी स्विचला दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होण्याची सूचना देऊन ठेवावी व बदल लगेच जतन करू नये. संपर्क तुटला, तर स्विच जुन्या मांडणीने पुन्हा सुरू होतो. बदल यशस्वी झाला, तर ती सूचना रद्द करून नवी मांडणी जतन करावी. ही सोय अनेक बनावटींत उपलब्ध आहे.

नोंदवहीचे महत्त्व

या सर्वांत स्वस्त आणि तरीही सर्वाधिक दुर्लक्षित साधन म्हणजे कागद. कोणता पोर्ट कोणत्या टेबलाचा, कोणत्या व्हीलॅनचा, ट्रंक कोणती, याचा नकाशा स्विचच्या कपाटाच्या दारावर चिकटवावा. केबलीच्या दोन्ही टोकांना क्रमांक लावावेत. प्रत्येक बदल तारखेसह नोंदवहीत लिहावा. मांडणीची एक प्रत जिल्हा मुख्यालयी ठेवावी, म्हणजे स्विच जळाल्यास नवा स्विच त्याच मांडणीने बसवता येईल. परवलीचे शब्द दारावर न लावता मोहोरबंद पाकिटात कार्यालयप्रमुखाकडे असावेत. कर्मचाऱ्यांच्या बदल्या होतात. माहिती एकाच माणसाच्या डोक्यात राहिली, तर ती त्याच्याबरोबर निघून जाते.

तंत्रज्ञ शंभर-दोनशे किलोमीटर दूर असेल, तर त्याचे निम्मे काम त्या कागदाने आधीच करून ठेवलेले असावे. दूरध्वनीवरून "सात क्रमांकाची केबल काढा" असे सांगता आले आणि ती केबल सापडली, की दोन दिवसांचे काम दहा मिनिटांत होते. मग खिडकीसमोर दाखल्यासाठी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला रिकाम्या हाताने परतावे लागत नाही.