काढ्याची वाटी आणि डॉक्टरांची चिठ्ठी

ऋतू पालटला की घरोघरी सर्दी, खोकला आणि तापाचा मुक्काम पडतो. अशा वेळी डॉक्टरांची चिठ्ठी येण्यापूर्वीच स्वयंपाकघरात तुळस, सुंठ, मिरी उकळू लागते. महाराष्ट्रात ज्याला आपण काढा म्हणतो, तोच म्हैसूरजवळच्या बोगादीतील कन्नड घरात ‘कषाय’ या नावाने दिला जातो. २०२० च्या महामारीत केंद्रीय आयुष मंत्रालयाने तुळस चार भाग, दालचिनी व सुंठ प्रत्येकी दोन भाग आणि काळी मिरी एक भाग असे या काढ्याचे प्रमाणही प्रसिद्ध केले होते. मात्र एक प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो : डॉक्टरांची औषधे चालू असताना काढा घ्यावा का?

वनस्पतीतून आलेली औषधे

वनौषधी आणि आधुनिक औषधे यांचे नाते वाटते तितके दूरचे नाही. कफ पातळ करणारे ब्रोमहेक्झिन हे औषध अडुळशातील व्हॅसिसीन या द्रव्याच्या अभ्यासातून तयार झाले. ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी गेला, तेव्हा ओसेल्टामिविर हे नाव सर्वांच्या तोंडी झाले. या औषधाच्या निर्मितीसाठी लागणारे शिकिमिक आम्ल दीर्घकाळ मुख्यत्वे चक्रीफुलापासून, म्हणजे आपल्या मसाल्याच्या डब्यातील बादियानापासून मिळवले जात असे. परंतु त्या आम्लावर अनेक रासायनिक प्रक्रिया झाल्यानंतरच विषाणूविरोधी औषध तयार होते. त्यामुळे चक्रीफुलाचा चहा त्या गोळीची जागा घेऊ शकत नाही. शिवाय ती गोळी लक्षणे दिसू लागल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केल्यास अधिक उपयोगी पडते. घरगुती उपायांत दोन-तीन दिवस दवडले, तर ही संधी हातची जाते.

वर्धा आणि मुंबई येथील चाचणी

काढ्याच्या गुणांविषयी श्रद्धा पुष्कळ असली, तरी पुरावा रुग्णशय्येजवळच मिळवावा लागतो. असा एक प्रयत्न आपल्या राज्यात झाला. केंद्रीय आयुर्वेद संशोधन परिषदेने १९८० साली मलेरियासाठी ‘आयुष-६४’ ही गोळी विकसित केली होती. सातविणीची साल, कुटकी, किराईत आणि ज्यांचा खेळ मुली अंगणात मांडत त्या सागरगोट्यांची बी, असे तिचे घटक. महामारीत ही गोळी कोविडच्या सौम्य व मध्यम लक्षणांच्या रुग्णांवर तपासण्यात आली. लखनौचे किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ, वर्ध्याची दत्ता मेघे आयुर्विज्ञान संस्था आणि मुंबई महानगरपालिकेचे कोविड केंद्र ही चाचणीची तीन ठिकाणे होती. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्याकडे समन्वयाची जबाबदारी होती.

एकूण १४० रुग्णांचे ७०-७० असे दोन गट करण्यात आले. प्रमाणित उपचार दोन्ही गटांना मिळाले. एका गटाला त्यांच्या जोडीला आयुष-६४ देण्यात आली. गोळी घेणारे रुग्ण सरासरीने लवकर बरे झाले व त्यांना रुग्णालयात कमी काळ राहावे लागले, असा निष्कर्ष एप्रिल २०२१ मध्ये जाहीर झाला. तो उत्साहवर्धक असला, तरी त्याची मर्यादा ध्यानात ठेवावयास हवी. रुग्णसंख्या लहान होती, तुलनेसाठी दुसऱ्या गटाला बनावट गोळी दिलेली नव्हती आणि अत्यवस्थ रुग्णांचा त्यात समावेश नव्हता. उलटपक्षी ब्रिटनमध्ये हजारो रुग्णांवर झालेल्या चाचणीतून जून २०२० मध्ये डेक्सामेथासोनचा गुण सिद्ध झाला. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू त्यामुळे सुमारे एक-तृतीयांशाने घटले. श्वास अपुरा पडू लागलेल्या रुग्णाला रुग्णालयातच का न्यावयाचे, याचे उत्तर यात आहे.

‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे

२०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. या रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती काय, अशी शंका आयुष मंत्रालयाने उपस्थित केली. वाद काहीही असो, ओळख न पटलेली वेल तोडून महिनोन्‌महिने तिचा रस पिणे धोक्याचे, एवढे त्यातून निश्चित होते. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो व शरीरातील पोटॅशियम घटू शकते. रक्तदाबाच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णांनी ते परस्पर घेऊ नये. अडुळसा गर्भवती स्त्रियांनी टाळावा, आणि एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच चाटवू नये.

आपण जे काही घेतो, ते सर्व डॉक्टरांना सांगावे. बँकेत नोंद न झालेला व्यवहार ताळेबंदात अखेर घोळ घालतोच. न सांगितलेल्या काढ्याचेही तसेच आहे. वैद्याकडे जावयाचे असल्यास नोंदणीकृत वैद्याकडेच जावे आणि चालू असलेल्या गोळ्या त्यांना दाखवाव्यात. मधुमेह, रक्तदाब वा दम्याची नेहमीची औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. प्रतिजैविके विषाणूंवर चालत नाहीत. तीही सल्ल्याविना घेऊ नयेत.

ताप तीन दिवसांत न उतरल्यास, धाप लागल्यास, छातीत दुखल्यास, ओठ निळसर दिसल्यास, रुग्ण असंबद्ध बोलू लागल्यास अथवा बोटावरील यंत्रात प्राणवायूचे प्रमाण ९४ टक्क्यांखाली आल्यास काढा उकळत बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. एरवी साध्या सर्दीपडशात विश्रांती, भरपूर पाणी, हलका आहार आणि आजीच्या हातचा बेताचा काढा यांचा आस्वाद आपण अवश्य घ्यावा.