भरल्या पिशवीचं गणित

क्रोशाची पिशवी विणायला घेताना ती खुंटीला रिकामी लटकलेली कशी दिसेल, एवढाच विचार बहुतेक जणी करतात. भरल्यावर तिचं काय होईल, हे मनात येत नाही. मग डबा, पाण्याची बाटली, छत्री आणि वाटेत घेतलेली अर्धा किलो भेंडी पोटात गेली की खांद्याला अडकवलेली सुबक पिशवी हळूहळू मांडीपर्यंत उतरते. सुती क्रोशाचा हा स्वभाव आहे. त्याची सोय विणायला बसण्याआधीच लावावी लागते.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू हे पक्कं जाणून आहेत. पुण्यातल्या त्यांच्या पिढीने क्रोशावर टीव्हीची कव्हरं, दाराची तोरणं, ताटावरचे रुमाल, बाळांची टोपडी असं सगळं केलं. बारीक पोलादी सुई आणि अँकरचा दोरा. पिशव्यांकडे त्या वळल्या त्या नातीच्या हट्टापायी. आता त्यांच्याकडे दुपारी तीन-चार जणी शिकायला बसतात, त्यांतली मी एक. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, “रुमालाला काय गं, नुसतं पसरून बसायचं असतं. पिशवीला नोकरी आहे.”

सुतापासूनच नोकरी सुरू होते. लोकरीच्या तंतूला अंगची कुरळी वळणं असतात, त्यामुळे ती ताणली तरी परत जागेवर येते. सुताला ही देणगी नाही. ओढलं की ओढलेलंच राहतं. तरीही पिशवीला सूतच हवं, कारण ते घासलं जाऊन लोकरीसारखं पिंजत नाही, घामाने चिकटत नाही आणि धुतल्यावर रडत नाही. दुकानात दोन प्रकारचं सूत मिळतं. एक मऊ, बिनचकाकीचं आणि दुसरं तुकतुकीत, ज्याला दुकानदार ‘मर्सराइज्ड’ म्हणतो. जॉन मर्सर नावाच्या इंग्रज माणसाला १८४४ च्या सुमारास असं आढळलं, की कॉस्टिक सोड्यात बुडवलेलं सुती कापड आटतं खरं, पण मजबूत होतं आणि रंगही चांगला पितं. पुढे १८९० मध्ये होरेस लो याने तेच काम सूत ताणून धरून केलं, तेव्हा आटणंही थांबलं आणि वर रेशमासारखी झळाळी आली. पिशवीवर उठाव हवा असेल तर हेच सूत घ्यावं. मऊ सुतावर उठावाचे टाके फुसके दिसतात, तुकतुकीत सुतावर त्यांच्या कडा स्पष्ट उमटतात. पैसे थोडे जास्त पडतात आणि सुईवरून ते घसरतंही, हे धरून चालायचं.

काकू आधी हातभर नमुना विणायला लावतात आणि त्याला लिटरभर पाण्याची बाटली अडकवून तो रात्रभर गॅलरीत टांगायला सांगतात. सकाळी पट्टी लावून तो किती वाढला ते मोजायचं. सुताच्या वेष्टनावर चार किंवा साडेचारची सुई सांगितलेली असते, काकू साडेतीनची देतात. टाके दाटून बसले की फासांना सरकायला जागा राहत नाही. हाताला त्रास होतो आणि अंगठ्याचा सांधा दुखतो. काकूंचा उपाय एकच, अर्ध्या तासाने उठून चहा टाकायचा.

त्यांचा डावा हात बघण्यासारखा असतो. दोरा करंगळीला एक वेढा घेतो, मधल्या दोन बोटांखालून जातो आणि तर्जनीवर येतो. ती तर्जनी ताठ उभी असते आणि दर टाक्याला जरा पुढे झुकून हवा तेवढाच दोरा सोडते. ताण ठरवते करंगळी. उजवा हात फक्त सुई घालतो आणि काढतो, त्यातलं निम्मं काम मनगटाच्या किंचित वळण्यानेच होतं. बोलताना काकू थांबत नाहीत, पण खूण करायच्या टाक्याशी आल्या की वाक्य मध्येच तुटतं, ओठ हलतात, केसातली पिन त्या टाक्यात अडकते आणि मग वाक्य जिथे सोडलं होतं तिथून पुढे चालू होतं.

पिशवीचा तळ लांबट. एकतीस साखळ्या घालायच्या, दुसऱ्या साखळीपासून एकोणतीस मुके खांब, शेवटच्या साखळीत तीन. मग काम फिरवून त्याच साखळ्यांच्या खालच्या अंगाने परत यायचं. अठ्ठावीस मुके खांब आणि ज्या साखळीपासून सुरुवात केली तिच्यात आणखी दोन. एकूण बासष्ट. यानंतर दर फेरीत दोन्ही टोकांना तीन-तीन टाके वाढवायचे, म्हणजे फेरीला सहा. अडुसष्ट, चौऱ्याहत्तर, ऐंशी असं करत एकशे चारला थांबायचं. वाढवलेले टाके दर वेळी आधीच्याच टाक्यांवर आले तर तळाला कोपरे फुटतात, म्हणून ते थोडे मागेपुढे सरकवतात. तळ परातीसारखा वर वळायला लागला तर टाके कमी पडताहेत आणि झालरीसारखा लाटा मारायला लागला तर जास्त झाले आहेत, एवढं ओळखता आलं की मोजणी चुकली तरी डोळा सावरून घेतो.

एकशे चारच का, तर तो आकडा आठाने तेरा वेळा भागला जातो आणि वरची वीण आठाची आहे. काकू तिला चटई म्हणतात. तळावर आधी साध्या खांबांची एक फेरी घालायची. एरवी सुई खालच्या टाक्याच्या माथ्यावरच्या दोन धाग्यांखालून जाते. चटईत माथा सोडून द्यायचा. सुईवर दोरा घेऊन ती खालच्या खांबाच्या एका अंगाने पुढून मागे घालायची आणि दुसऱ्या अंगाने पुन्हा पुढे काढायची. सगळा खांबच कवेत आला की दोरा ओढून नेहमीसारखा खांब पुरा करायचा. तो पुढच्या बाजूला दोरीसारखा उभा राहतो. असे चार झाले की पुढचे चार उलटे, मागून पुढे येऊन परत मागे जाणारे. ते खोल बसतात. तीन फेऱ्यांनंतर अदलाबदल, उंच होते तिथे खोल आणि खोल होते तिथे उंच. चौथ्या-पाचव्या पट्ट्याला हाताखाली चटईची वीण लागायला लागते. डोळे मिटून बोट फिरवलं तरी कुठे चुकलं ते कळतं.

या विणीला दोरा भरपूर लागतो. साध्या खांबांच्या पिशवीला जेवढं सूत लागेल त्याच्या कितीतरी पुढे ही जाते. शिवाय ती घेर आत ओढते. साडेतीनच्या सुईवर एकशे चार मुक्या खांबांचा घेर बावन्न सेंटिमीटरच्या आसपास भरतो, चटई सुरू केली की पिशवीला कंबर येते. म्हणून तळ साडेतीनच्या सुईवर आणि अंग चारच्या. बदल्यात कापड मात्र दुहेरी पडल्यासारखं जाड होतं. उभे खांब एकमेकांना धरून असल्यामुळे ते साध्या खांबांच्या विणीइतकं लोंबत नाही. हा उठाव दिसायला छान आहेच, पण वजनदार पिशवीला तो कामालाही येतो. पॉपकॉर्न नावाच्या टाक्याचं तसं नाही. एकाच घरात पाच खांब घालून, सुई काढून, पहिल्या खांबाच्या माथ्यातून फास ओढून घेतला की टपोरा गोळा उठतो. एखादी ओळ शोभते. सगळी पिशवी तशी केली तर नुसतं वजन वाढतं, आणि प्रत्येक गोळ्यात बांगडी अडकते.

व्हिडिओ बघून विणणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. अमेरिकी नमुन्यातला सिंगल क्रोशे, म्हणजे आपला मुका खांब, हाच ब्रिटिश नमुन्यातला डबल क्रोशे असतो. नमुना कुठला आहे ते न बघता सुरुवात केली की पिशवी दुप्पट उंच तरी होते किंवा अर्धी तरी.

तोंडाशी आल्यावर रिबिनीची फेरी येते. शाळेत वेण्यांना बांधायच्या त्या लाल नायलॉनच्या रिबिनीला इथे वाव नाही. अर्ध्या इंचाची साटीन किंवा आडव्या बारीक रेघांची जाडसर रिबीन घ्यायची. तिच्यासाठी उंच खांबांची फेरी लागते. सुईवर दोनदा दोरा गुंडाळून तीन टप्प्यांत सोडवलेला खांब, मग एक साखळी, खाली एक टाका सोडायचा. एकशे चार टाक्यांतून बावन्न घरं पडतात. रिबीन एका खांबावरून, दुसऱ्याखालून अशी ओवत नेली की सम संख्येमुळे फेरी बरोबर जुळते. विषम असती तर जिथे टोकं भेटतात तिथे ती लागोपाठ दोनदा वरून गेली असती आणि ती खोट नेमकी दर्शनी बाजूला आली असती.

बहुतेक ठिकाणी या रिबिनीचं पुढे फूल बांधून सोडतात. काकूंना ते पटत नाही. घरं पाडलेली फेरी ही पिशवीतली सगळ्यांत विरळ फेरी आणि नेमका तोंडाशीच सगळा ओढा. नुसती गाठ मारली तर ती सरकते आणि तोंड वासलेलं राहतं. म्हणून त्या आधी रिबिनीची दोन टोकं हातशिलाईने एकमेकांना पक्की करतात. घेर तिथेच कायमचा ठरतो. फूल वेगळ्या तुकड्याचं बांधून त्या जोडावर टाचतात. साटीन सुटते, म्हणून टोक मेणबत्तीच्या ज्योतीच्या कडेला क्षणभर धरायचं. पॉलिएस्टर असेल तर वितळून कडा मिटते. सुती असेल तर कागद जळाल्यासारखा वास येतो आणि राख पडते, तिथे मेणबत्ती लांब ठेवून कड दुमडावी. रंगीत रिबीन आधी वेगळी धुऊन घ्यावी, नाहीतर पहिल्याच पावसात मोतिया रंगाच्या पिशवीचं तोंड रंगतं.

खांद्याच्या पट्ट्याकडे मात्र कोणाचं लक्ष नसतं. क्रोशाचं सगळं कापड म्हणजे फासात अडकवलेला फास. ओझं आलं की प्रत्येक फास थोडा लांबट आणि अरुंद होतो आणि पट्ट्यात असे शेकडो फास एकाखाली एक असतात. रिबीन मागावरची. तिचे उभे धागे या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेले असतात, त्यांना लांब व्हायला वाव नाही. म्हणून ओझं रिबिनीने घ्यायचं आणि क्रोशाने तिच्या अंगावर बसायचं. पट्टा आडव्या छोट्या ओळींनी चढवत नेण्यापेक्षा लांबीइतकी साखळी घालून तिच्यावर लांबच लांब मुक्या खांबांच्या ओळी घातल्या तर मुळातच कमी ताणला जातो. त्याच्या खालच्या अंगाला तेवढ्याच लांबीची जाड रिबीन किंवा सुती टेप धावदोऱ्याने टाचायची. ही टेप पिशवीच्या तोंडाशी संपवायची नाही. दोन्ही बाजूंनी आतून खाली तळापर्यंत न्यायची, तळावरून फिरवून तिची टोकं एकमेकांना जोडायची. मग डब्याचं वजन टेप उचलते आणि विणलेलं अंग नुसतं भोवती उभं राहतं.

अस्तर सुती कापडाचं, आधी धुऊन आटवून घेतलेलं, आणि उंचीला पिशवीपेक्षा बोटभर आखूड. शिंप्याला हे सांगितलं की तो माप चुकलंय असं समजून परत विचारतो. अस्तर आखूड असलं की वस्तू त्याच्या तळावर टेकतात, विणीवर भार येत नाही. मापाचं किंवा ढगळ अस्तर शिवलं तर ते फक्त किल्ल्या बाहेर पडू देत नाही, बाकी काही करत नाही.

एवढं करून प्रदर्शनात पिशवी मांडली की पहिला प्रश्न येतो, “पाचशेला देता का?” सूत, रिबीन, टेप, अस्तर, बटण मिळून त्याच्या जवळपास खर्च आधीच झालेला असतो. वीस-पंचवीस तास हात चालला, त्याचे पैसे कोणी धरतच नाही. बायका फावल्या वेळात करतात, असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं आहे. आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशाच्या लेसवर मारिया मीस यांनी १९८२ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांनी दाखवलं ते हेच. घरात बसून परदेशी बाजारासाठी दिवसभर सुई चालवणाऱ्या बायका कामगार म्हणून मोजल्याच जात नव्हत्या. त्या गृहिणी आणि त्यांचं काम फावल्या वेळचं, असा हिशेब असल्याने मजुरी अगदी किरकोळ. त्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाने नावाचं रक्षण होतं, तासाचा दर ठरत नाही.

आणि हे काम यंत्रावर ढकलता येण्यासारखंही नाही. दोन सुयांवरची वीण यंत्रं केव्हापासून करताहेत. क्रोशासारखी दिसणारी लेसही यंत्रावर निघते, पण ती रचनेने वेगळी असते. खरा क्रोशाचा टाका बाजारासाठी काढणारं यंत्र नाही. मॉलमध्ये तीनशे-चारशेला खऱ्या क्रोशाची पिशवी टांगलेली दिसली तर ती कोणाच्या तरी हातानेच झालेली आहे, हे सांगायला वेगळा पुरावा नको. तेवढ्या पैशांत सूत, दुकानाचं भाडं आणि वाहतूक भागवून त्या हाताला काय उरलं असेल, त्याची वजाबाकी कोणालाही करता येते.

दिवाळीच्या आधी ठिकठिकाणी हातकामाची प्रदर्शनं भरतात. तिथे अशी पिशवी आवडली तर आधी ती आतून उलटी करून बघा. पट्ट्याखाली टेप आहे का, ती बाजूंनी खाली उतरली आहे का, अस्तर आखूड आहे का. नसेल तर फूल कितीही गोड असो, ती फोनपुरतीच पिशवी आहे, त्या मानाने पैसे द्या. पण हे सगळं असेल, तर सांगितलेली किंमत द्या आणि घासाघीस करू नका.