उसन्या पाण्याचं फूल

मे महिन्यात कोकणातल्या नद्यांची काय अवस्था होते ते आपण पाहतोच: डोहात गुडघाभर पाणी, बाकी सगळे गोटे. उल्हास मात्र बदलापूरच्या बॅरेजपाशी ऐन उन्हाळ्यातही वाहत असते. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या नळांची मदार तिच्यावरच. सह्याद्रीचा पाऊस चार महिन्यांत समुद्राला देऊन मोकळी होणारी ही नदी मग मे महिन्यात पाणी आणते कुठून?

थोडं बारवीतून. एमआयडीसीच्या बारवी धरणातून सोडलेलं पाणी नदीच्या पात्रातूनच खाली येतं आणि जांभूळला उचललं जातं. पण खरी गंमत दुसऱ्या पाण्याची आहे. ते मुळात उल्हासचं नाहीच. मावळातली आंध्रा नदी इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला. म्हणजे आंध्रेचं पाणी खरं तर देहू-आळंदी करत, पंढरपूरला विठोबाच्या पायाशी जाऊन बंगालच्या उपसागराला लागायचं. टाटांनी ठोकरवाडीला धरण बांधून ते अडवलं आणि घाटमाथ्यावरून खाली भिवपुरीला आणलं. १९२२ पासून तिथे त्यावर वीज तयार होते. जनित्रं फिरवून झाली की तेच पाणी कर्जत भागात पेज नदीला, राजनाला कालव्याला आणि पुढे उल्हासला मिळतं. पंढरीच्या वाटेवरचं पाणी शंभर वर्षं वसईच्या खाडीला चाललंय! भूगोलाच्या पुस्तकात पाणलोटाची रेषा ठळक छापलेली असते. इथे ती माणसाने सरळ ओलांडली.

आता हे पाणी काठावरून पाहा. नदीकाठच्या वनस्पतीला वर्षाला किती पाणी आलं याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. ते कधी आलं, किती उंच चढलं आणि कधी उतरलं, याच्याशी असतं. पात्रातल्या खडकांच्या फटीत मुळं रोवून बसणारी शेरणी पुरात आडवी होते, पूर ओसरला की उभी राहते. तिची अरुंद पानं आणि चिवट फांद्या त्यासाठीच. काठावर, भाताच्या बांधावर, ओलसर गवतात झ्यूक्साइन नावाचं एक बुटकं ऑर्किड हिवाळ्यात फुलतं. पानं थेट गवतासारखी, फुलं तांदळाच्या दाण्याएवढी, पांढरी, ओठ पिवळा. गुडघे टेकल्याशिवाय दिसत नाही. ते दुर्मीळ नाही, त्यामुळे त्याच्याकडे कोणी बघतही नाही.

ऑर्किडचं बी म्हणजे निव्वळ धूळ. भाताच्या दाण्यात रोपासाठी शिदोरी असते, ऑर्किडच्या बीत काहीच नसतं. मातीतली योग्य बुरशी भेटली आणि तिने भरवलं, तरच ते रुजतं. बुरशीला हवा योग्य ओलावा, आणि नदीकाठी ओलावा ठरतो पाण्याच्या पातळीवर. धरणाची कळ दाबणाऱ्याच्या हातात अशी ही अख्खी साखळी असते.

ही साखळी किती अजब वळण घेऊ शकते, ते अमेरिकेतल्या युटात दिसलं. तिथलं ‘युट लेडीज ट्रेसेस’ हे नदीकाठचं ऑर्किड जेमतेम वीत-दीड वीत उंच. दांड्यावर पांढरी फुलं मळसूत्रासारखी चढत गेलेली. १९८४ मध्ये त्याला स्वतंत्र जात म्हणून नाव मिळालं आणि १९९२ मध्ये ते धोक्यातल्या वनस्पतींच्या सरकारी यादीत गेलं. त्याला हवी ऊन खाणारी, ओली, नुकतीच मोकळी झालेली जमीन. पुराने झाडोरा खरवडून नवी वाळू टाकली की हे तिथे येतं. झुडपं वाढून सावली झाली की हटतं. काही रोपं तर एखादं वर्ष जमिनीवर येतच नाहीत, खालीच राहतात. त्यामुळे मोजणारा यंदा मोकळ्या हाताने परत गेला, म्हणून रोपं मेली असं नाही.

तर डायमंड फोर्क नावाच्या ओढ्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून डोंगरापलीकडच्या कोलोरॅडो खोऱ्यातलं पाणी बोगद्यातून सोडलं जात होतं, शेतीसाठी. आपल्या भिवपुरीचंच भावंड म्हणा. ओढ्याला हा लोंढा झेपणारा नव्हता. काठ फाटले, पात्र रुंदावलं, मासे आणि झाडं यांचे हाल झाले. आणि त्याच उद्ध्वस्त पात्रातल्या नव्या पट्ट्यांवर या ऑर्किडने मोठी वस्ती केली! मग २००४ मध्ये ते पाणी नळांतून आणि बोगद्यांतून नेलं जाऊ लागलं, ओढा शांत झाला. ओढ्याच्या दृष्टीने चांगलंच झालं. पण पट्टे खरवडणारं कोणी उरलं नाही, तर झुडपं आणि उंच गवत ऑर्किडवर चढणार, ही नवी काळजी लागली.

मला यात आवडतं ते हे, की इथे खलनायक सापडत नाही. धरण म्हणजे वाईट, मूळ प्रवाह म्हणजे चांगला, हे सोपं गणित या ओढ्यावर चालत नाही. शंभर वर्षं उसनं पाणी वाहिलं की त्या पाण्याचेही भाडेकरू होतात. उलट बारवीसारखं धरण उंच केलं की वरच्या अंगाला हिशोब सरळ असतो: जिथे पाणी चढतं तिथला झाडोरा बुडतो, त्याच्या फांद्यांवरची आमरी, म्हणजे झाडावर वाढणारी ऑर्किडंही. त्यातली सीतेची वेणी जुन्या झाडाच्या खोडावर राहते, तिला पोहता येत नाही.

टाटांच्या धरणांचं पाणी पुन्हा भीमा खोऱ्यात वळवा, अशी मागणी घाटावरून अधूनमधून होते. मग वीज, ऊस, नळ असा वाद रंगतो, आणि बदलापुरात पाणीकपातीची भीती. युटातही शेती, शहरं आणि वीज यांचीच ओढाताण होती. पण तिथे त्या वीतभर ऑर्किडचं नाव कायद्याच्या यादीत होतं, म्हणून ओढ्यात कोणत्या महिन्यात किती पाणी ठेवायचं ते ठरवताना अभियंत्यांना त्याचाही हिशोब मांडावा लागला.