राग आधी कोणाला दिसतो?

आजचा विषय मुलांचा आहे, पण सुरुवात आपल्यापासूनच करू. अनोळखी चेहरा समोर आला की या माणसावर विश्वास ठेवावा की नाही, हे आपण किती वेळात ठरवतो? प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जेनिन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव यांनी २००६ साली याचं उत्तर दिलं. चेहरा सेकंदाचा दहावा भाग एवढाच दाखवला, तरी लोकांचं मत तयार! जास्त वेळ दिला तर मत फारसं बदललं नाही, फक्त स्वतःच्या मताबद्दलची खात्री वाढली. पुढे २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं की तीन-चार वर्षांची मुलंही कोणता चेहरा चांगल्या माणसाचा आणि कोणता दुष्टाचा, हे बऱ्याच अंशी मोठ्यांसारखंच ठरवतात.

मग प्रश्न असा, की ज्या मुलाला घरात रोज मार बसतो, त्याची नजर कशी घडत असेल?

या प्रश्नावर अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात सेथ पोलक यांनी बरीच वर्षं काम केलं आहे. २००२ साली त्यांनी आणि डोरिस किस्टलर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर दोन भावांचं मिश्रण करायचं. एका टोकाला रागावलेला चेहरा, दुसऱ्या टोकाला तोच चेहरा घाबरलेला, आणि मध्ये थोडा राग-थोडी भीती अशा पायऱ्या. मुलांनी फक्त सांगायचं, हा राग की भीती? कुठेतरी एक सीमा असते, तिच्या अलीकडे सगळं राग, पलीकडे सगळं भीती. मार खाल्लेल्या मुलांची ही सीमा सरकलेली होती. इतर मुलं ज्या चेहऱ्याला घाबरलेला किंवा दुःखी म्हणत, त्यातले काही चेहरे यांना रागावलेले दिसत. पण आनंद आणि दुःख यांच्यातली सीमा मात्र इतरांसारखीच होती. म्हणजे बघा, नजर सरसकट बिघडलेली नाही. फक्त रागाचं कुंपण रुंद झालं आहे.

इथे आपल्याकडचं कोणीही म्हणेल, दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, यात नवीन ते काय? आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं. पण म्हण अर्धंच सांगते. पोलक यांनी पवन सिन्हा यांच्याबरोबर केलेला, २००२ चाच दुसरा अभ्यास पाहा. (सिन्हा दिल्लीच्या आयआयटीत शिकलेले.) यात चेहऱ्याचं चित्र आधी इतकं अस्पष्ट असतं की काहीच कळत नाही, मग ते हळूहळू स्वच्छ होत जातं. मार सोसलेल्या मुलांनी राग इतरांपेक्षा आधी ओळखला, आणि बरोबर ओळखला. ताक फुंकणारा उगाच फुंकतो. ही मुलं इथे उगाच घाबरत नव्हती. अपुऱ्या खुणांवरून राग वाचण्यात ती इतरांपेक्षा तरबेज होती. बाबांच्या कपाळावरची पहिली आठी ज्याला दिसते, त्याला पळायला थोडा वेळ मिळतो ना!

म्हणून त्यांची नजर फक्त कलुषित झाली असं म्हणता येत नाही, आणि फक्त तीक्ष्ण झाली असंही नाही. पोलक आणि सहकाऱ्यांच्या २००० सालच्या अभ्यासात तीन ते पाच वर्षांची मुलं होती. तिथे मार खाल्लेल्यांचा कल रागावलेला चेहरा निवडण्याकडे झुकलेला दिसला. त्याच अभ्यासात तिसरा गटही होता, ज्यांना मारलं नव्हतं पण ज्यांच्याकडे कोणी लक्षच दिलं नव्हतं अशा मुलांचा. त्यांना एक भाव दुसऱ्यापासून वेगळा ओळखणंच जास्त अवघड गेलं. आपण ‘अत्याचार’ म्हणून एकच गाठोडं बांधतो, पण मुलाला त्यातून मिळणारे धडे वेगवेगळे असतात. एकाला एकच भाव फार वेळा दिसला, दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून कोणी पुरेसं हसलंही नाही की रागावलंही नाही.

आता हेच मूल वर्गात आणून बसवा. बाई हजेरी घेताहेत, चष्मा विसरल्यामुळे डोळे बारीक केलेत, कपाळाला आठ्या. शेजारच्या मुलाला काहीच दिसत नाही. याला मात्र बाई रागावलेल्या दिसतात. मग ते अंग चोरून घेतं, किंवा उलट उत्तर देतं, आणि आता बाई खरंच रागावतात. घरी जे कौशल्य उपयोगी पडलं, तेच इथे अंगाशी आलं.

ही सीमा कायमची गोठलेली असते का? तसं दिसत नाही. पोलक यांच्याच प्रयोगशाळेतून २०१९ साली आलेल्या अभ्यासात सर्वसाधारण मुलं आणि मोठी माणसं यांना वेगवेगळ्या प्रमाणात चेहरे दाखवले, तर राग कुठून सुरू होतो याबद्दलचं त्यांचं मत प्रयोगापुरतं सरकलं. डोळा जे पाहतो त्याचा हिशेब ठेवतो आणि सीमा त्यानुसार हलवतो. पण वर्षानुवर्षांचा हिशेब काही बैठकांत मिटेल असं मात्र यावरून म्हणता येत नाही.

एक गोष्ट प्रश्नोत्तरांआधीच सांगून टाकतो, कारण ती दर वेळी विचारली जाते. हे सगळे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत. मुलाला फोटो दाखवून ‘याला घरी मारतात का’ हे ओळखायची ही चाचणी नाही. कृपा करून कोणी तशी वापरू नका. हं, आता मागच्या रांगेतून पहिला प्रश्न घेऊ.