औषधाची चाचणी आणि रोग्याचा हक्क

कोणत्याही करारावर अंगठा उठवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत, असे आम्ही कामगारांना वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत : पैसा कोणाचा, हिशेब कोणाच्या हाती, आणि इजा झाली तर भरपाई कोण देणार? आमचे शिक्षण शाळेत थोडे व युनियनच्या कचेरीत अधिक झाले. म्हणून औषधांच्या चाचण्यांकडेही आम्ही याच तीन प्रश्नांतून पाहतो.

औषध कंपनी आणि डॉक्टर यांच्या सहकार्यावाचून नवे औषध सिद्ध होत नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. कंपनीजवळ रसायन व भांडवल असते. रोगी असतात डॉक्टरजवळ. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत शाट्झ यांना सापडले. मर्क कंपनीने ते पुरवले आणि मेयो क्लिनिकच्या फेल्डमन व हिनशॉ यांनी ते आधी गिनीपिगांवर, मग रोग्यांवर वापरून पाहिले.

परंतु गुण आला तो औषधाने की विश्रांतीने? याचा निवाडा ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने केला. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या चाचणीत १०७ रोगी होते. ५५ जणांना औषध व विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. कोणी कोणत्या गटात जावे, हे डॉक्टरच्या मर्जीवर नव्हते. ब्रॅडफर्ड हिल यांच्या योजनेप्रमाणे ते बंद पाकिटातून ठरे. क्ष-किरणांची चित्रे पारखणाऱ्यांनाही रोग्याचा गट ठाऊक नसे. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ दगावले, दुसऱ्यात १४. हिशेब चोख ठेवला की सत्य असे उघडे होते.

मात्र नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्यांना आपण तुलनेसाठी आहोत, हे सांगितलेच नव्हते. आज ते चालणार नाही. चाचणीत घेतलेल्या रोग्यांच्या संख्येवर डॉक्टरला कंपनीकडून मोबदला मिळत असेल, तर चांगल्या डॉक्टरचेही मन दोहोंकडे ओढले जाते. ज्याला औषध विकत घेणे परवडत नाही, त्याची संमतीही पुरती मोकळी नसते. पोटासाठी जादा पाळी पत्करणाऱ्याची असते तशीच ती असते.

म्हणून कायदा हवा, आणि तो आहे. २०१९ च्या नियमांप्रमाणे आपल्या देशात रोग्याला समजेल अशा भाषेत माहिती देऊन लेखी संमती घ्यावी लागते. चाचणीमुळे इजा वा मृत्यू झाल्यास भरपाई चाचणी करवणाऱ्याने द्यायची असते. नीतिसमितीत किमान सात सभासद असतात, आणि त्यांत एक तरी सामान्य नागरिक लागतो. चाचणीतून केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क रोग्याला आहे, आणि त्यामुळे त्याचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

पण कागदावरचा हक्क मागितल्यावाचून पदरात पडत नाही, हे कामगाराला वेगळे सांगायला नको. संमतिपत्र घरी न्यावे, जाणत्याकडून वाचून घ्यावे, ते तीन प्रश्न विचारावेत. प्रामाणिक डॉक्टरला त्यांचा राग येणार नाही. उलट, दोन धन्यांच्या ओढाताणीत त्याला रोग्याच्या बाजूने उभे राहायला त्यांनी बळच मिळेल.