विश्लेषण : ‘चेक इंजिन’चा दिवा लुकलुकतोय? जंगलवाटेवर निघण्यापूर्वी हे समजून घ्या

आलापल्लीहून भामरागड किंवा सिरोंचाकडे जाणारा रस्ता बराच काळ जंगलातूनच जातो. मध्येच मोबाइलची रेंज जाते आणि गॅरेज गावोगावी नसते. अशा ठिकाणी दहा-पंधरा वर्षे जुनी गाडी आचके देऊ लागली, तर टोचन करून आणण्याची वेळ येते. त्याआधी गाडी बहुधा इशारा देते. तो वाचायचा कसा?

मिसिंग म्हणजे काय?

पेट्रोल इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा व इंधनाचे मिश्रण ठिणगीने पेटते. एखाद्या सिलिंडरमध्ये ते पेटलेच नाही किंवा अर्धवट पेटले, की इंजिन थरथरते, पिकअप कमी होतो. मेकॅनिक यालाच ‘गाडी मिसिंग करते’ म्हणतात. कारणे मुख्यतः तीन : ठिणगी नाही, इंधन-हवेचे प्रमाण बिघडले किंवा कॉम्प्रेशन कमी झाले.

दिवा लुकलुकला तर?

दिवा स्थिर असेल, तर गाडी लवकरात लवकर तपासून घ्यावी. लुकलुकत असेल, तर मिसिंग गंभीर आहे. न जळालेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि हा महागडा भाग निकामी होतो. अशा वेळी ॲक्सिलरेटर कमी करून सुरक्षित जागी थांबावे. वाघांच्या क्षेत्रात, विशेषतः अंधारात, बॉनेट उघडायला खाली उतरू नये.

कोड काय सांगतो?

स्टिअरिंगच्या खाली असलेल्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडला की कोड दिसतो. ‘पी०३००’ म्हणजे मिसिंग एका ठरावीक सिलिंडरपुरते नाही. ‘पी०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये, ‘पी०३०२’ म्हणजे दुसऱ्यात. ‘पी०१७१’ मिश्रणात इंधन कमी पडत असल्याचे सांगतो. मात्र कोड बिघाडाची जागा दाखवतो, बिघडलेला भाग नाही. कोड पाहून थेट इंजेक्टर बदलणाऱ्यांचे पैसे अनेकदा वाया जातात.

मग भाग बदलण्याआधी काय करावे?

अदलाबदल. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल, तर इंजिन बंद करून दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर लावावी. कोड ‘पी०३०२’चा ‘पी०३०३’ झाला, तर दोष कॉइलचा. कोड जागचा हलला नाही, तर हेच प्लगबाबत करावे. तरीही फरक नसेल, तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन तपासावे. चालू इंजिनची प्लग वायर ओढून पाहण्याची जुनी पद्धत धोक्याची आहे. तिथे हजारो व्होल्ट असतात.

कोड पुसण्यापूर्वी तो लिहून घ्यावा. पुसल्याने दिवा विझतो, बिघाड राहतो. शिवाय बिघाडाच्या क्षणी इंजिनचा वेग व तापमान किती होते, ही नोंदही जाते.

प्रत्येक जुन्या गाडीत कोड मिळतो का?

नाही. बीएस-४ चारचाकींना ओबीडी-२ ही स्वनिदान यंत्रणा एप्रिल २०१३ पासून सक्तीची झाली. पण बीएस-४ देशभर लागू झाले ते १ एप्रिल २०१७ पासून. तोवर अनेक जिल्ह्यांत बीएस-३ गाड्या विकल्या जात होत्या. त्यामुळे एमएच-३३ आणि एमएच-३४च्या काही जुन्या गाड्यांत स्कॅनरचा उपयोग होत नाही. तिथे प्लगचा रंग पाहावा : फिकट तपकिरी ठीक; काळा व काजळीचा असल्यास इंधन जास्त; तेलकट असल्यास इंजिन ऑइल गळते.

डिझेल गाडीत वेगळे काय?

तिथे ठिणगीचा प्लग नसतो. आधी डिझेल फिल्टरमधील पाणी काढावे, नंतर इंजेक्टर पाहावेत. कॉमन रेल इंजिन चालू असताना इंजेक्टरचा पाइप कधीही सैल करू नये. त्यातील दाब हजार बारहून अधिक असतो आणि डिझेलची धार कातडीतून आत शिरू शकते.

या भागात विशेष काळजी कोणती?

ताडोब्याचे कोअर क्षेत्र जुलै ते सप्टेंबर पर्यटनासाठी बंद असते. या काळात उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या वायरी उंदीर कुरतडतात. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषते; प्रमाण वाढल्यास पाणी टाकीच्या तळाशी साचते. म्हणून ऑक्टोबरात पहिल्या फेरीआधी वायरिंग, एअर फिल्टर आणि टाकी तपासावी. लांबच्या वाटेवर एक जादा प्लग, प्लगपाना आणि फ्यूज सोबत ठेवावेत. आणि दिवा पेटलेला असताना जंगलातून जायचे असेल, तर आधी आलापल्ली किंवा अहेरीतच गाडी दाखवावी. पुढे ती सोय मिळेलच, याची खात्री नसते.