जुनी ‘साबातिए’ सुरी ओळखताना

जुन्या स्वयंपाकी सुरीवर ‘साबातिए’ हे नाव कोरलेले असले, तरी तेवढ्यावरून निर्माता ठरत नाही, कारण फ्रान्समधील तिएर या सुऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावातील अनेक स्वतंत्र कारखान्यांनी ते वापरले असून, खरी ओळख त्याच्या जोडीच्या हत्ती, तारे किंवा अक्षर अशा छापावरून पटते. ‘इनॉक्स’, म्हणजे न गंजणारे पोलाद, अशी खूण असलेले पाते १९१३ पूर्वीचे असू शकत नाही. त्याआधीची पाती कार्बन पोलादाची असत. वापराने त्यांवर करडी-निळसर झाक चढते आणि ती घासून काढण्याचा उत्साह (दुर्दैवाने तो फार आढळतो) वस्तूचे वय दर्शवणारा पुरावाच पुसून टाकतो. पात्याचा मुठीत शिरणारा भाग बारीक असून आबनुसी लाकडात पूर्ण दडलेला असल्यास ती घडण ‘नोजाँ’ म्हणून ओळखली जाते.